डाव्या पायाचा साचा

प्रिय आई,

एकाच घरात राहून आईला पत्र लिहिणारी मुलगी तू कधी बघितली नसशील. हातातलं काम सोडून ही कागद काळे करत बसली, असंच म्हणशील. तसं काही नाही, काम चालूच आहे. समोरच्या साच्यात रेझिन ओतलंय आणि ते घट्ट होईपर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. दुपारची वेळ आहे, कॉलेजच्या मॉडेलच्या वर्कशॉपमध्ये मी एकटीच आहे, खिडकीवर कबुतरं गुटर्गू करतायत. आणि तोंडाने बोलायला गेलं की आपल्या दोघींचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी अर्धं वाक्य बोलते, तू भिंतीकडे तोंड करून कूस बदलतेस, आणि उरलेलं वाक्य गिळून मी चहाचं आधण ठेवायला जाते. असे किती कप चहा झाले असतील आपले, एकेका अर्ध्या वाक्याचे. म्हणून म्हटलं, या खेपेला लिहूनच काढावं.

आधी बातमी सांगते. त्या दुसऱ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयातून परवा पुन्हा फोन आला होता. शरीराचा एकेक सांधा, एकेक अवयव हाताने घडवून मांडायचा, आणि तो सगळा विभाग मी सांभाळायचा, असं ते काम आहे. माझ्यासारखीला असं काम आयुष्यात एकदा विचारतात. तुझं प्लास्टर निघालं की येते, असं मी त्यांना आधी सांगितलं होतं. मग सांगितलं, आई चालायला लागली की येते. आता तिथल्या प्रमुख बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की येत्या सोमवारी हजर झाला नाहीत तर आम्ही दुसरं माणूस बघतो. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी खूप दिवस कळ काढली. तुला मी हे सांगितलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. जा की, माझं काय, पडून राहीन एका कोपऱ्यात, असं म्हणून तू पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं असतंस, आणि मी गेले नसते. तिसऱ्यांदाही गेले नसते. मग मात्र या घरातून मी कधीच कुठे गेले नसते, आणि हे मला या फोननंतर अगदी स्पष्ट कळलं.

तू दुकानाच्या पायरीवरून घसरलीस त्या दिवसापासून आपल्या घराचा एक पलंग झालाय. शिवणाच्या खोलीतला तो पलंग, त्याच्या उशाशी औषधं, पायाशी खुर्ची, खुर्चीवर मी. मला बोलवायला तू ती मोठी कापडाची कात्री घेऊन पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवतेस. पाण्यासाठी एकदा, पडदा सरकवायला दोनदा, आणि नुसतंच मी घरात आहे ना हे बघायला कितीही वेळा. ते टणटण माझ्या कानात असं बसलंय की इथे वर्कशॉपमध्ये कुणाच्या हातून पक्कड पडली तरी मी अर्धी उठते. हसू येतं, पण खरं आहे. कामावरून सुटले की दुकानांच्या काचांकडे न बघता मी सरळ घरी येते. मैत्रिणींनी बोलवायचं सोडलं. दादा दर रविवारी फोन करून सांगतो की तू आहेस म्हणून मला घोर नाही. त्याला घोर नाही याचा मला आनंदच आहे. पण फोन ठेवला की मला कुणीतरी दार बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटतं.

तुझं मोडलं काय होतं, हे मी तुला कधी धड समजावून सांगितलंच नाही. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला तेव्हा तू डोळे मिटून घेतले होतेस. तर ऐक. घोट्याला दोन्ही बाजूंनी जे उंचवटे हाताला लागतात ते दोन वेगळ्या हाडांचे असतात. आतला नडगीच्या जाड हाडाचा, आणि बाहेरचा त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचा. बाहेरचा आतल्यापेक्षा थोडा खाली उतरलेला आणि थोडा मागे असतो, हात लावून बघ. या दोघांची मिळून वर एक खोबणी होते, सुतार पलंगाचा दांडा बसवायला करतो तशी, आणि त्या खोबणीत खालून एक हाड बसतं. त्याला टॅलस म्हणतात. तुझ्या डाव्या पायाचा मोडला तो बाहेरचा उंचवटा, म्हणजे खोबणीची एका बाजूची भिंत. ती भिंत केसभर जरी सरकून जुळली तरी आतलं हाड डगडगतं आणि सांधा झिजत जातो, म्हणून डॉक्टर इतके काटेकोर होते. तुझी भिंत सुरेख जुळली. फोटो मी उजेडाला धरून स्वतः बघितलाय.

त्या टॅलसची मला पहिल्यापासून कीव येते. त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. पोटरीतून खाली येणारे स्नायूंचे सगळे दोर त्याच्या आजूबाजूने आणि मागून निघून जातात आणि पुढच्या हाडांना धरतात. त्याला मात्र कुणी धरत नाही. वरून सगळ्या शरीराचा भार, खालून टाच, दोन्ही अंगांना भिंती, आणि शेजारी हलवतील तसं हलायचं. पुढून ते रुंद असतं आणि मागून अरुंद. पाऊल वर उचललं की रुंद भाग खोबणीत घट्ट जाऊन बसतो, आणि बोटं खाली केली की अरुंद भाग येऊन सांधा सैल पडतो. माणसाचा पाय उतरताना जास्त मुरगळतो तो यामुळे. आमच्या कॉलेजातल्या शरीररचनेच्या बाई हे शिकवतात तेव्हा मॉडेल हातात धरून मी वर्गात उभी असते. मुलं खाली माना घालून लिहून घेतात आणि माझ्या मनात येतं की अगं, हे तर आपलंच घर. तू वर, घराच्या भिंती दोन बाजूंना, आणि मधे मी. राग मानू नकोस, पण येतं मनात.

आता मुख्य गोष्ट. मागे मी तुझ्या दोन्ही पायांचे साचे घेतले ते आठवतंय ना. ते का घेतले, हे तुला मी मोघमच सांगितलं होतं. झालं असं की बाईंना वर्गासाठी दोन पायांची एक जोडी हवी होती. एक नेहमीचा वापरातला पाय, आणि दुसरा कित्येक महिने जमिनीला न टेकलेला. वापर थांबला की पोटरी कशी आटते, टाचेची कातडी कशी पातळ आणि मऊ पडते, हे मुलांनी हात फिरवून बघावं अशी त्यांची इच्छा. असा माणूस कुठे मिळेल, म्हणून त्या हॉस्पिटलात चौकशी करणार होत्या. मी म्हटलं, कशाला, आमच्या घरीच आहे. किती ऐटीत म्हटलं मी ते. घरातली वस्तू कामाला आली याचा आनंद तुझ्याकडूनच शिकलेय, तू नाही का उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी करतेस.

तो साच्याचा दिवस मात्र आपला फार चांगला गेला होता, आई. मी तुला बगलेत धरून खुर्चीवर बसवलं, गुलाबी पावडर पाण्यात कालवून लगदा केला आणि तो उंच डब्यांत ओतला. तू गुडघ्यापर्यंत पाय आत सोडलेस आणि थंडगार लागलं म्हणून ओरडलीस. मग गुदगुल्या व्हायला लागल्या आणि तुला हसू आवरेना. हलू नकोस म्हणून मी दटावत होते आणि स्वतःच हसत होते. तू म्हणालीस की सगळ्या रस्त्याची मापं मी घेतली, माझं माप घेणारी तूच पहिली. लगदा रबरासारखा झाल्यावर तू पाय अलगद ओढून घेतलेस आणि मी तुझी पावलं कोमट पाण्याने धुतली. पलंगावर तू कायम मोजे घालून असायचीस, अंघोळीला मला आत येऊ द्यायची नाहीस. त्यामुळे इतक्या महिन्यांत तुझे पाय असे हातात घेतले ते तेव्हाच. डोळ्यांसमोर होतं सगळं. पण आईच्या पायाकडे मापाच्या नजरेने कोण बघतं. मी आपली पावडर भांड्याला चिकटेल म्हणून घाई करत होते.

दुसऱ्या दिवशी इथे त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि घट्ट झाल्यावर दोन्ही पाय काढून कपाटात सुकायला ठेवले. सुकल्यावर टेबलावर शेजारी शेजारी उभे केले. आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. आमच्या कपाटात वेगवेगळ्या माणसांचे पाय ओळीने ठेवलेले असतात. मला वाटलं, मी घाईत तुझ्या डाव्याऐवजी दुसऱ्याच कुणाचा तरी डावा पाय उचलून आणला. कारण समोर होता तो धडधाकट, चालता पाय होता. टेप लावला तर पोटरी उजव्या पोटरीइतकीच भरलेली. टाच जाड, कडेला चिरा, अंगठ्याखाली घट्टा. मी कपाटातले सगळे डावे पाय काढून बघितले, तुझा कुठेच सापडेना. शेवटी टेबलावरच्या त्या पायाची करंगळी बघितली. ती तुझ्यासारखीच शेजारच्या बोटाच्या खाली दडलेली होती. बाहेरच्या उंचवट्यावर बोट फिरवलं, तर जुळलेल्या हाडाची बारीकशी वळी लागली. तो तुझाच पाय होता. मी घरी नसताना तू चालत होतीस, आणि बरेच दिवस चालत होतीस.

मला राग आला. थोडाथोडका नाही. त्या संध्याकाळी घरी येताना मी काय काय बोलायचं ते ठरवत आले. दार उघडलं तर तू पलंगावर मोजे घालून, पाय उशीवर ठेवून, आज जरा जास्तच ठणकतंय असं म्हणालीस. आणि मी काय केलं असेल, तर गरम पाण्याची पिशवी भरून आणली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुला खोटं पाडल्यावर आपण दोघींनी त्या खोलीत एकमेकींकडे बघायचं कसं, हा प्रश्न मला जास्त अवघड वाटला. त्याहून वाईट पुढेच झालं. बाईंना तर आटलेला पाय द्यायचा होता. मी कानस घेतली आणि तुझी पोटरी घासून घासून बारीक केली. टाचेच्या चिरा भरल्या, घट्टा पॉलिश पेपरने काढून टाकला. तू पलंगावरून जसा पाय सांगत होतीस, अगदी तसा पाय घडवला. बाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, शाबास, असाच असतो. त्या मुलांना तो खरा म्हणून शिकवतायत. माझ्या हातून आजवर असं काम झालं नव्हतं.

त्यानंतर मी तुझ्यावर पाळत ठेवली असं समज, पण खरं म्हणजे मी तुझ्याकडे पहिल्यांदा बघायला लागले. तोवर मी फक्त पाय बघत होते. मागे एकदा मी लवकर आले तर तू पलंगावर धापा टाकत होतीस, कपाळावर घाम. तुला ताप आला असं वाटून मी थर्मामीटर लावला होता. तो घाम कसला होता ते आता कळलं. कडीचा आवाज आल्यापासून मी आत येईपर्यंत पलंग गाठायचा, मोजे चढवायचे, उशी पायाखाली घ्यायची, चपला होत्या तशा ठेवायच्या, म्हणजे काय धांदल होत असेल या वयात. हे आठवून मी बसमध्ये एकटीच हसले आणि शेजारची बाई सरकून बसली. पण हसू ओसरल्यावर डोळ्यांसमोर तुझं शिलाई मशीन आलं. त्याच्यावर तू चादर घालून ठेवली आहेस. मशीनला दोन्ही पाय लागतात आणि त्याचा आवाज समोरच्या काकूंना ऐकू जातो, म्हणून तू शिवणंच सोडलंस. गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेली. तू पलंगावर बसून हातशिलाईने उशांचे अभ्रे दुमडतेस, ते सुद्धा जे आधीच दुमडलेले आहेत. मला घरात ठेवण्यासाठी तू स्वतःला त्या पलंगाला बांधून घेतलंस, गं. मी दिवसातून आठ-दहा तास तरी मोकळी असते. तू तर मी घरात असेपर्यंत खिडकीपाशीसुद्धा जाऊ शकत नाहीस.

कशासाठी, हे विचारायला मी मूर्ख नाही. बाबा गेले तेव्हा तू रडली नाहीस, सगळ्यांना पाणी देत फिरलीस. दादा नोकरीला निघाला तेव्हा त्याच्या शर्टाचं बटण दारातच लावून दिलंस आणि हसत हात हलवलास. त्याने पुढच्या महिन्यात येतो म्हटलं होतं आणि तो अजून येतोच आहे. आता तिसऱ्या माणसाला दारातून निरोप द्यायचं तुझ्या जिवावर आलं असेल. त्यात पाय मोडला, आणि प्लास्टर असेपर्यंत मी जात नाही हे तुला दिसलं. तुझ्या जागी मी असते तर मीही दुखतंय म्हणाले असते. दुखणं फोटोत दिसत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि तुझ्याशिवाय त्या नव्या शहरात मला जेवण गोड लागणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मी सोमवारी तिथे हजर होणार आहे. काल फोन करून तसं कळवलं. माझी बॅग इथे वर्कशॉपमध्ये कपाटातल्या पायांच्या शेजारी भरून ठेवली आहे. दादाला सांगितलंय, तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि या वेळी मी त्याला तिकीट काढून ते दाखवायला लावलंय. समोरच्या काकू रात्री सोबतीला येतील, त्यांच्याकडे आपली किल्ली दिली आहे. काकूंना मी दुसरं काही सांगितलेलं नाही. एवढंच म्हटलं की डॉक्टरांनी आता आईला चालायला सांगितलंय, त्यामुळे ती बाहेर दिसली तर घाबरू नका. दादालाही तेच सांगितलंय. साच्यात मला जे दिसलं ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही आणि होणार नाही.

तुला वाटेल, मग घरी राहून समोरासमोर निरोप का नाही घेतला. कारण परवा मी बॅग काढायला गच्चीवरच्या खोलीत गेले होते. तू पडल्यापासून तिथल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी ते पहिल्याच आठवड्यात साफ विसरले होते. वाळक्या काटक्या बघायची तयारी करून मी दार ढकललं, तर सगळी झाडं हिरवीगार. पिवळी पानं खुडलेली, माती ओली, झारी भरून कठड्यापाशी. मी तिथेच खाली बसले आणि रडले. राग येऊन नाही, आई. एवढ्या महिन्यांत तू रोज दुपारी इतकं तरी मोकळं आकाश घेतलंस, याचं मला बरं वाटलं. म्हणून उद्या सकाळी कामावर जाताना हे पत्र मी त्या झारीखाली ठेवून जाणार आहे. तू हे वाचतेयस म्हणजे जिना चढून आली आहेस, आणि माझा उद्या हा तुझा आज झालाय. आता तोच जिना कठड्याला धरून उतर, ती निळी साडी नेस आणि बाहेर पड. माझी बस संध्याकाळची आहे, आपल्या रस्त्याच्या टोकाच्या स्टँडवरून. तू आलीस तरी मी जाणार आहे आणि नाही आलीस तरी जाणार आहे. पण तू आलीस तर मी काही विचारणार नाही आणि तुला काही सांगावं लागणार नाही. पलंगावर पडलेल्या आईला सोडून गेले, असं मला जन्मभर वाटू देऊ नकोस. मला सोडायला ये, आई, चालत ये. रस्त्याच्या बाजूची खिडकी मी मुद्दाम मागून घेतली आहे, तू येताना लांबूनच दिसशील अशी.

तुझीच,
गुंडी